मेंदू, झोप आणि पेप्टाइड : नागपुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात फार्मसीच्या मुलांना औषधशास्त्र शिकवते. पेप्टाइडविषयी पूर्वी फक्त परीक्षेच्या आधी प्रश्न यायचे. आता ते जिममध्ये जाणाऱ्या भाच्याकडून येतात, मिहानमधल्या कंपन्यांत रात्रपाळी करणाऱ्या शेजाऱ्याकडून येतात, नीटची तयारी करणाऱ्या मुलीच्या आईकडून येतात. सगळ्यांना एकच जाणून घ्यायचं असतं : हे घेतलं तर झोप लागेल का, डोकं चालेल का? त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. विषय मला मनापासून आवडतो. म्हणूनच, जे सिद्ध झालेलं नाही ते सिद्ध म्हणून विकलं जातं तेव्हा मला राग येतो.

पेप्टाइड म्हणजे नेमकं काय?

अमिनो आम्लं एकापुढे एक ओवली की त्याची माळ होते. मणी थोडे असले, साधारण पन्नासच्या आत, तर पेप्टाइड. त्याहून लांब माळ झाली की प्रथिन. इन्सुलिन 51 मण्यांचं, म्हणजे अगदी सीमेवरचं. ऑक्सिटोसिन आणि व्हॅसोप्रेसिन 9 मण्यांचे. वेदना कमी करणारं एन्केफॅलिन फक्त 5 मण्यांचं. ते 1975 साली स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनला ह्यूज आणि कॉस्टर्लित्झ यांनी शोधलं. थायरॉइडची साखळी सुरू करणारं टीआरएच तर 3 मण्यांचं. ते हाती लागावं म्हणून गीयेमँ आणि शॅली यांच्या दोन प्रयोगशाळांनी कत्तलखान्यांतून आणलेले मेंढ्यांच्या आणि डुकरांच्या मेंदूचे लाखो तुकडे वर्षानुवर्षं गाळले. 1977 चं नोबेल त्या कामाला मिळालं. तीन मण्यांसाठी एवढी मेहनत! शरीर हे पदार्थ किती कणभर वापरतं, याचा अंदाज यावरून येतो.

मेंदूत पेप्टाइड करतात काय?

डोपामिन, सेरोटोनिन ही नावं सगळ्यांना माहीत असतात. ते रेणू दोन पेशींमधल्या अरुंद फटीत क्षणभर काम करतात. पेप्टाइड त्याच पेशींतून, पण बहुधा पेशी जोरात चेतवली गेली तरच बाहेर पडतात. ते जास्त दूर पसरतात आणि त्यांचा परिणाम जास्त वेळ टिकतो.

झोपेचंच बघा. डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या वर सुमारे 20,000 पेशींचा एक पुंजका आहे. शरीराचं दिवसरात्रीचं घड्याळ तिथे चालतं, आणि त्या पेशींना एका तालात ठेवायचं काम व्हीआयपी नावाचा पेप्टाइड करतो. झोप लावणाऱ्या पेशींमध्ये गॅलॅनिन असतो. जागं ठेवणाऱ्या पेशींमध्ये ओरेक्सिन. प्रत्येकाची जागा ठरलेली, वेळ ठरलेली. तोच पेप्टाइड दंडात टोचून सगळ्या रक्तात सोडला तर ती जागा राहत नाही आणि ती वेळही राहत नाही. पुढची बरीचशी उत्तरं याच मुद्द्यावर येऊन थांबतात.

झोपेशी सगळ्यात पक्का संबंध कोणत्या पेप्टाइडचा सिद्ध झाला आहे?

ओरेक्सिनचा. आणि गंमत म्हणजे तो झोपेचा नाही, जागेपणाचा पेप्टाइड आहे.

1998 साली दोन गटांनी तो स्वतंत्रपणे शोधला. म्हणून त्याला हायपोक्रेटिन असं दुसरंही नाव आहे. पुढच्याच वर्षी दिसून आलं की आनंदाच्या भरात पाय गळून खाली पडणाऱ्या डॉबरमन कुत्र्यांमध्ये ओरेक्सिनच्या ग्राहीचं (पेशीवर त्या पेप्टाइडचा संदेश पकडणाऱ्या रेणूचं) जनुकच बिघडलेलं असतं. 2000 च्या सुमारास माणसांचंही कळलं : नार्कोलेप्सीच्या रुग्णांच्या मेंदूतल्या ओरेक्सिन बनवणाऱ्या बहुतेक पेशी नष्ट झालेल्या असतात. असा माणूस जेवताजेवता, बोलताबोलता झोपतो. जोरात हसला की गुडघे लुळे पडतात. घरचे त्याला आळशी म्हणतात, कुणी अंगात आलं म्हणतं. तुमच्या घरात असं कुणी असेल तर कृपा करून त्याला न्यूरॉलॉजिस्टकडे न्या. या आजाराचं निदान होईपर्यंत कित्येकदा वर्षं जातात.

आता खरी शिकण्यासारखी गोष्ट. हे ज्ञान औषधात उतरवताना शास्त्रज्ञांनी ओरेक्सिन कुपीत भरून विकलं नाही. 33 मण्यांची ती माळ गोळीतून मेंदूपर्यंत पोचत नाही. त्यांनी ओरेक्सिनची ग्राही अडवणारे लहान रेणू तयार केले, जे पेप्टाइड नाहीत. सुव्होरेक्संट 2014 मध्ये अमेरिकेत निद्रानाशासाठी मंजूर झालं, नंतर लेम्बोरेक्संट आणि डॅरिडोरेक्संट. नार्कोलेप्सीसाठी उलटं, ग्राही चेतवणाऱ्या गोळ्यांवर काम चालू आहे. त्यातल्या एका सुरुवातीच्या रेणूची चाचणी 2021 मध्ये यकृतावर परिणाम दिसल्यामुळे थांबवावी लागली. चाचणी घेतात ती याचसाठी.

'डीएसआयपी' घेतलं की गाढ झोप लागते म्हणतात. नावातच झोप आहे ना?

नाव भारी आहे, डेल्टा झोप आणणारा पेप्टाइड. जन्मकथाही विलक्षण आहे. स्वित्झर्लंडमधल्या बाझलला मोनिए आणि शोनेनबर्गर यांच्या गटाने सशांच्या मेंदूला विजेचे सौम्य झटके देऊन त्यांना झोपवलं, मेंदूकडून परतणारं रक्त गाळलं आणि तो अर्क जाग्या सशांना दिला. त्यांच्या मेंदूत गाढ झोपेच्या संथ लहरी वाढल्या. 1977 मध्ये त्या अर्कातल्या 9 मण्यांचा क्रम जाहीर झाला.

पण त्याला आता जवळपास अर्धं शतक झालं. एवढ्या काळात माणसात हा पेप्टाइड बनवणारं जनुक सापडलं नाही, त्याची ग्राहीही सापडली नाही. ओरेक्सिनचं जनुक, पेशी, ग्राही आणि आजार हे सगळं दोन-तीन वर्षांत जुळून आलं होतं, हे लक्षात घ्या. माणसांवरचे डीएसआयपीचे अभ्यास छोटे, आणि निष्कर्षही एकमेकांशी जुळत नाहीत. 1992 मध्ये जुनाट निद्रानाशाच्या 16 रुग्णांवर एक दुहेरी अंध चाचणी, म्हणजे खरं औषध कुणाला मिळतंय हे रुग्णाला आणि डॉक्टरलाही माहीत नसलेली, छापून आली. परिणाम किरकोळ निघाला आणि उपचार म्हणून फारसा उपयोग होईलसं वाटत नाही, असं संशोधकांनीच लिहिलं. कुपी विकणारे 1977 सांगतात, 1992 सांगत नाहीत.

मुलगी नीटची तयारी करते आहे. सेमॅक्सचे नाकातले थेंब द्यावेत का?

नाही, ताई. आणि कारण सविस्तर सांगते, कारण हा प्रश्न दर वर्षी मार्च-एप्रिलमध्ये हमखास येतो.

सेमॅक्स मॉस्कोत तयार झालं. एसीटीएच या लांब हार्मोनमधले चार मणी घेऊन त्यांना प्रोलिन-ग्लायसिन-प्रोलिन अशी तीन मण्यांची शेपटी जोडली. नुसते चार मणी रक्तातल्या विकरांनी (एन्झाइमनी) लगेच तुटले असते. शेपटीमुळे थोडे टिकतात. सेलँक नावाच्या दुसऱ्या रशियन पेप्टाइडलाही हीच शेपटी आहे, फक्त पुढचे चार मणी टफ्ट्सिन नावाच्या, रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित पेप्टाइडचे. रशियात सेमॅक्स पक्षाघाताच्या रुग्णांना आणि सेलँक चिंताविकारासाठी देतात. दोन्हींचे बहुतेक अभ्यास तिथलेच, बरेचसे छोटे, आणि आजारी प्रौढांवरचे. सतरा वर्षांच्या निरोगी मुलीला जीवशास्त्र जास्त लक्षात राहील असं त्यातून काही सिद्ध होत नाही.

तिला रोज पाच तास झोप मिळत असेल तर आधी तेवढं बदला. दिवसा वाचलेलं पक्कं बसतं ते झोपेत. आणि मुलगी जेवत नसेल, रडत असेल, 'माझ्याने होत नाही' म्हणत असेल, तर थेंबांचा विचार बाजूला ठेवून टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या सरकारी क्रमांकावर बोला. तो मोफत आहे आणि चोवीस तास चालतो.

बाबांना लकवा झाला तेव्हा सेरेब्रोलायसिनची इंजेक्शनं लिहून दिली होती. तेही पेप्टाइडच ना?

हो. डुकराच्या मेंदूतल्या प्रथिनांचे विकरांनी केलेले तुकडे, म्हणजे पेप्टाइड आणि अमिनो आम्लांचं मिश्रण. मूळ ऑस्ट्रियाचं औषध, भारतातही डॉक्टर देतात. घरात शाकाहाराचा कटाक्ष असेल तर उगम आधीच विचारून घ्या. अनेकांना तो नंतर कळतो आणि वाईट वाटतं. पक्षाघातात त्याचा उपयोग किती, यावर कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या तज्ज्ञांनी सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्या. मृत्यू टळण्याच्या बाबतीत फायदा दिसला नाही, उलट काही गंभीर दुष्परिणाम वाढण्याची शक्यता दिसली. डॉक्टरांना याबद्दल विचारणं म्हणजे त्यांचा अपमान नव्हे.

लकव्यात खरा फरक पडतो वेळेचा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देतात. तोंड वाकडं झालं, हात उचलत नाही, बोलणं अडखळतंय असं दिसलं की मालिश करणाऱ्याकडे न नेता थेट सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात न्या. हे वाक्य भंडारा-गोंदियाकडच्या नातेवाइकांनाही सांगा. त्यांचा निम्मा वेळ रस्त्यातच जातो.

वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनांनी स्मृतिभ्रंशही थांबतो म्हणे?

सेमाग्लुटाइड हाही पेप्टाइडच, आणि मधुमेहात, लठ्ठपणात त्याचा फायदा भक्कम पुराव्यांनी सिद्ध आहे. मधुमेहासाठी ते घेणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंश कमी दिसतो असं जुन्या नोंदींतून वाटत होतं. म्हणून अल्झायमरच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांवर इव्होक आणि इव्होक प्लस या दोन मोठ्या चाचण्या झाल्या. नोव्हेंबर 2025 मध्ये निकाल आला : आजाराचा वेग कमी झाला नाही. आशा खूप जणांना होती, मलाही होती. पण नोंदींतून वाटलेलं आणि चाचणीत टिकलेलं यातला फरक समजायला याहून चांगलं उदाहरण नाही.

ऑक्सिटोसिनच्या फवाऱ्याने ऑटिझममध्ये फरक पडतो का?

2021 मध्ये 290 मुलांवरची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. ऑक्सिटोसिन मिळालेल्या आणि औषध नसलेला नुसता फवारा मिळालेल्या मुलांच्या सामाजिक वागण्यात फरक आढळला नाही. ते पैसे वाचा-उपचार आणि ऑक्युपेशनल थेरपीसाठी ठेवा.

गोळी किंवा पावडर का चालत नाही? इंजेक्शनच कशाला?

पोटाला औषधातला पेप्टाइड आणि वरणातलं प्रथिन यात काही भेद दिसत नाही. दोन्हींचे ते तुकडे करतं. सेमाग्लुटाइडची गोळी निघाली, पण त्यात शोषण वाढवणारा खास पदार्थ घालावा लागला, आणि तरीही गोळीतला जेमतेम एक टक्का किंवा त्याहूनही कमी भाग रक्तात पोचतो. रक्तातही विकरं असतातच. कित्येक पेप्टाइड तिथे काही मिनिटंच टिकतात. आणि त्यानंतर रक्त आणि मेंदू यांच्यातला अडसर. मेंदूच्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की बहुतेक पेप्टाइड त्यांच्यातून सहजी जात नाहीत. नाकावाटे थोडा अंश वर जातो. किती जातो यावर अजून वाद आहेत.

माझ्या मित्राने ऑनलाइन मागवलेल्या कुपीसोबत 99 टक्के शुद्धतेचं प्रमाणपत्र आलं. मग भीती कसली?

अशी एक कुपी एक विद्यार्थी माझ्याकडे घेऊन आला होता, म्हणून नीट बघता आली. करंगळीएवढी काच, रंगीत प्लास्टिकचं टोपण, तळाशी गोठवून वाळवलेली पांढरी चकती. लेबलवर नाव आणि 5 मिलिग्रॅम एवढंच. बनवणाऱ्याचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, कालबाह्यतेची तारीख नाही. खाली बारीक अक्षरांत : केवळ संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही. पाकीट मे महिन्यात साध्या कुरियरने आलं होतं, बर्फाशिवाय. नागपुरात त्या आठवड्यात पारा 44 च्या वर होता, आणि डिलिव्हरीची गाडी दिवसभर उन्हात उभी असते हे आपण सगळे बघतो.

आता त्या 99 टक्क्यांबद्दल. ही शुद्धता एचपीएलसी नावाच्या यंत्रावर मोजतात. त्यात दिसलेल्या पेप्टाइडसारख्या पदार्थांपैकी मुख्य पदार्थ किती, एवढंच तो आकडा सांगतो. पावडरमध्ये पाणी आणि क्षार किती, म्हणजे 5 मिलिग्रॅममध्ये प्रत्यक्ष पेप्टाइड किती, ते त्यातून कळत नाही. जंतू आहेत का, तेही नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एंडोटॉक्सिन. जंतू मेले तरी त्यांच्या भिंतीचे अवशेष उरतात. ते रक्तात गेले की हुडहुडी भरून ताप येतो, जास्त असले तर रक्तदाब कोसळतो. इंजेक्शनच्या प्रत्येक बॅचची निर्जंतुकतेची आणि बॅक्टेरियल एंडोटॉक्सिनची तपासणी फार्माकोपियाप्रमाणे, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकग्रंथाप्रमाणे, व्हावी लागते. प्रमाणपत्रावर या दोन ओळी शोधा. त्या विद्यार्थ्याच्या कागदावर नव्हत्या. शिवाय तो कागद याच बॅचचा आहे हे कशावरून?

मात्रेचा घोळ वेगळाच. मिलिग्रॅम, मायक्रोग्रॅम आणि इन्सुलिनच्या सिरिंजवरची युनिटं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोघांत हजारपटीचा फरक आहे. सिरिंजवरचं युनिट इन्सुलिनसाठी आखलेलं आहे, दुसऱ्या पेप्टाइडला त्याचा काही अर्थ नाही. त्या मुलाने वहीत केलेलं गणित दहापटीने चुकलेलं होतं, आणि तो हुशार मुलगा आहे.

हे भारतात कायदेशीर आहे का?

डीएसआयपी, सेमॅक्स, सेलँक आणि म्हातारपण रोखतो म्हणून विकला जाणारा एपिटालॉन यांपैकी एकही आपल्याकडे मंजूर औषध नाही. आजारावर उपचार म्हणून विकलेला पदार्थ 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात औषधच ठरतो. 'संशोधनासाठी' असं लिहिल्याने ते बदलत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही 2023 मध्ये हे चारही पेप्टाइड, औषध दुकानदाराने स्वतः बनवून देण्यासाठी सुरक्षिततेच्या शंका असलेल्या पदार्थांच्या यादीत टाकले होते. कुणी 'आमची चाचणी सुरू आहे, सामील व्हा' म्हणालं तर भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीवर तिचा नोंदणी क्रमांक शोधा. 2009 पासून ही नोंदणी सक्तीची आहे, शोधायला पैसे लागत नाहीत. आणि खऱ्या चाचणीत औषधाचे पैसे तुमच्याकडून घेत नाहीत.

जिमचे ट्रेनर म्हणतात, ग्रोथ हार्मोन वाढवणाऱ्या पेप्टाइडने झोप सुधारते.

यात तथ्याचा अंश आहे. ग्रोथ हार्मोनचा मोठा भाग रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत स्रवतो, आणि त्याला चालना देणारा जीएचआरएच ठरावीक वेळी शिरेतून दिल्यावर तरुणांची गाढ झोप वाढल्याचं प्रयोगशाळेत दिसलं आहे. पण सीजेसी-1295 किंवा इपामोरेलिन जिमच्या लॉकर रूममध्ये पोटात टोचून घेणं म्हणजे तो प्रयोग नव्हे. यातून साखर वाढू शकते, अंगावर सूज येऊ शकते. आणि मुलगा खेळाडू असेल तर ऐका : हे पेप्टाइड वाडाच्या (खेळातली उत्तेजकं रोखणाऱ्या जागतिक संस्थेच्या) बंदीच्या यादीत आहेत, आणि कुठेच मंजूर नसलेले बाकीचेही त्याच यादीत मोडतात. मानकापूरच्या मैदानावर घाम गाळून मिळवलेली निवड एका कुपीपायी जाऊ शकते.

मग झोपेसाठी उपयोगी पडलेलं एकही पेप्टाइड औषध नाही का?

एक आहे, आणि त्याचा कुणी गाजावाजा करत नाही. डेस्मोप्रेसिन. व्हॅसोप्रेसिनमध्ये थोडा बदल करून केलेलं, रीतसर मंजूर औषध. काही लोकांना रात्री लघवीच जास्त तयार होते आणि तीन-चार वेळा उठावं लागतं; त्यांच्यात योग्य तपासणीनंतर ते दिलं तर झोप सलग होते. मात्र रक्तातलं सोडियम घसरण्याचा धोका असतो, वयस्करांमध्ये विशेष. म्हणून डॉक्टर आधी आणि नंतर सोडियम तपासतात. आजोबांची चिठ्ठी बघून आजीने घ्यायचं हे औषध नाही.

मेलाटोनिन, कोलॅजेन, रात्रीचं दूध?

मेलाटोनिन पेप्टाइड नाही. घड्याळ सरकवायला, उदाहरणार्थ विमानप्रवासानंतर किंवा पाळी बदलताना, ते थोडं उपयोगी पडतं. कोलॅजेन पेप्टाइड पोटात मोडतात. दुधातल्या केसिनपासून मिळणाऱ्या एका पेप्टाइडवर छोटे अभ्यास आहेत, पण ते पेलाभर दुधावर केलेले नाहीत. दूध आवडत असेल तर प्या.

मला खरंच महिनोन् महिने झोप नाही. मी काय करू?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आधी कारण शोधा. घोरणं, झोपेत श्वास अडकणं, सकाळी डोकं जड : हे स्लीप अॅप्नियाचं लक्षण असू शकतं आणि त्याची तपासणी होते. रक्तातलं लोह, थायरॉइड, नैराश्य, चालू असलेली औषधं, हेही बघावं लागतं. नागपुरातली मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, मिहानमधलं एम्स, तिन्ही ठिकाणी मानसोपचार आणि श्वसनविकारांचे विभाग आहेत. सुरुवात तुमच्या फॅमिली डॉक्टरांपासून केली तरी चालेल.

मग खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं घोटलेलं मिश्रण. हे आपल्या भागाचं दुखणं आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. रात्री जेवणानंतर घोटलेला खर्रा तोंडात ठेवून माणूस पलंगावर पडतो आणि झोप येत नाही म्हणतो. निकोटिन जागं ठेवतं. पहाटे त्याची तलफ पुन्हा उठवते. झोपेच्या कुपीवर हजारो रुपये घालवणाऱ्या दोघा-तिघांना मी हे विचारलं, प्रत्येकाच्या खिशात पुडी होती. कॅन्सरचा धोका तर आहेच.

संध्याकाळी पाचनंतरचा चहा बंद करून बघा. झोप लागताना शरीराचं आतलं तापमान उतरावं लागतं, आणि मे महिन्यात रात्रीही भिंती गरम राहतात. कूलर लावा, पण खिडकी उघडी ठेवा. दमट हवा कोंडली की कूलर असूनही घाम सुकत नाही. झोपण्याच्या तासभर आधी कोमट पाण्याने आंघोळ केली तर त्वचेतून उष्णता बाहेर पडायला मदत होते. रात्रपाळी असेल तर सकाळी घरी येताना गॉगल लावा, खोलीत जाड पडदे लावा, आणि घरच्यांना सांगा की दुपारी दोनपर्यंत बेल वाजू द्यायची नाही.

जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून जगभरच्या मार्गदर्शक सूचना सांगतात ती झोपेसाठीची सीबीटी, म्हणजे झोपेविषयीचे विचार आणि सवयी बदलणारी, औषधाशिवायची उपचारपद्धती. सहा ते आठ आठवडे झोपेची वही ठेवायची, पलंगावरचा वेळ आधी कमी करून मग हळूहळू वाढवायचा, झोप येत नसेल तर उठून बसायचं. पहिले काही दिवस जास्तच थकवा येतो आणि बरेच जण तिथेच सोडून देतात. सोडू नका. अपस्मार किंवा बायपोलर आजार असेल, किंवा ट्रक-बस चालवत असाल, तर मात्र हे स्वतःहून न करता डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करा.

मी आधीच ऑनलाइनचे पेप्टाइड घेतो आहे. आता?

थांबा, आणि डॉक्टरांना सांगा. लाज वाटून लपवू नका. भूल देताना, रक्ततपासणी वाचताना, दुसरं औषध लिहिताना त्यांना ही माहिती लागते. ताप, थंडी, टोचल्याजागी लाल गाठ, पुरळ, छातीत धडधड यांपैकी काही झालं तर त्याच दिवशी जा. श्वास घ्यायला त्रास झाला किंवा तोंडावर सूज आली तर लगेच इमर्जन्सीत. कुपी, लेबल, पाकीट आणि सिरिंज फेकू नका, सोबत न्या. दुष्परिणाम स्वतःही कळवता येतो : फार्माकोव्हिजिलन्सचा मोफत क्रमांक 1800-180-3024. सुया कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका, सफाई कामगारांच्या हातात रुततात. झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत भरून रुग्णालयात द्या.